बार्कर म्हणजे...

अप्पा गेल्याची बातमी मला आमच्या हॉलच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या वसतिगृहाच्या, जिन्याखालच्या फोनवर कळली. दुपारचे दोन वाजले असतील. खालच्या पोर्टरने, म्हणजे रखवालदाराने, वर येऊन दार वाजवलं आणि म्हणाला, हॉस्पिटलमधून फोन आहे. मी खाली गेले. पलीकडच्या बाईने अगदी शांत, सवयीच्या आवाजात विचारलं, "इज दॅट मिस बार्कर?" मी उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा विचारलं. तेव्हा मी म्हटलं, "फॉर द टाइम बीइंग, येस." म्हणजे, सध्यापुरती तरी. आठवड्यापूर्वीच मी आडनाव बदलायचा कागद सॉलिसिटरकडून आणला होता, आणि ओळखीच्या सगळ्यांना ते सांगत सुटले होते. त्या उत्तरात थोडा विनोद होता आणि थोडी ऐट.  मग तिने सांगितलं की माझे वडील, मिस्टर मारुती बार्कर, सकाळी एका पेशंटला एक्स-रेला पोचवून परत येताना कॉरिडॉरमध्ये पडले आणि गेले. ज्या हॉस्पिटलात चौदा वर्षं ते ट्रॉल्या ढकलत होते, तिथेच. सगळे जवळ होते, पण काही करता आलं नाही, असं ती म्हणाली. मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात अप्पा नव्हतेच, माझं ते वाक्य होतं. फॉर द टाइम बीइंग...

याला आता सात आठवडे झाले. सोलापूरच्या आत्याने फोनवर सांगितलं, "तुझ्या अप्पावर लिही काहीतरी, इथल्या लोकांना कळू दे." मी छापण्यासाठी कधी काही लिहिलेलं नाही. जन्म लंडनच्या इल्फर्डचा, शाळा इल्फर्डची, आता लीड्सला भूगोल शिकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझं मराठी आलं ते अप्पांनी दर रविवारी टेबलाशी बसवून आत्याला लिहायला लावलेल्या पत्रांतून. पत्र लिहून झालं की ते लाल पेनाने तपासायचे आणि पुन्हा लिहायला लावायचे. म्हणून चुका झाल्या तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. इंग्रजीत मला हे सोपं गेलं असतं, पण अप्पांना जे लोक हसले ते मराठीत हसले होते, आणि त्यांनाच हे सांगायचं आहे.

अप्पा साठच्या दशकाच्या शेवटी या देशात आले. आधी ते "फॅक्टरीत" होते. कसली फॅक्टरी ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. थेम्सच्या पलीकडे, बर्मंडसीला, एवढंच ठाऊक होतं. मी सहा-सात वर्षांची असताना ती बंद पडली आणि ते हॉस्पिटलात पोर्टर झाले. आई घरी शिवणाच्या मशीनवर दुकानांचे ब्लाउज शिवायची. आमचं आडनाव बार्कर होतं, आणि लहानपणी त्यात मला काही विचित्र वाटलं नाही. शाळेत हजेरी घेताना टीचर माझ्या आडनावाशी अडखळत नसत. सविता म्हणताना अडखळायच्या, बार्कर म्हणताना सुटल्यासारख्या व्हायच्या. वर्गातल्या पटेलांच्या मुलीने एकदा विचारलं, "तुझे डॅड इंग्लिश आहेत?" मी घरी येऊन तेच अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "रविवारपुरता. बाकीचे दिवस सोलापूरकर."

मराठी माणसांशी आमची ओळख झाली ती एका ट्रॉलीमुळे. अप्पा लिफ्टमध्ये रिकामी ट्रॉली घेऊन उभे होते आणि तिचं एक चाक फिरत नव्हतं. ते चाकाला म्हणाले, "चल गं बाई, उगं नखरे करू नको." लिफ्टमध्ये एक डॉक्टर होते, पुण्याचे. ते एकदम वळले. "अहो, तुम्ही मराठी? छातीवर तर बार्कर लिहिलंय!" त्यांनी भल्या मनाने आम्हाला त्यांच्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला बोलावलं. मी दहा वर्षांची होते. एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता, रेडिएटर चालत नव्हते, बायका काठापदराच्या साड्यांवर कोट घालून बसल्या होत्या. आईने तिची एकुलती एक रेशमी साडी नेसली होती. इतक्या लोकांना एकदम मराठी बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि मला वाटलं, हे सगळे अप्पांसारखे आहेत.

तिळगूळ देता देता एका डॉक्टरांच्या पत्नीने अप्पांना विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

"बार्कर."

"अहो, ते इकडचं झालं. मूळचं काय?"

"मूळचे आम्ही सोलापूरचे."

"ते गाव झालं हो. आडनाव विचारतेय मी."

अप्पा म्हणाले, "ते विमानात बसताना मागंच राहिलं बघा. वजन जास्त झालं होतं." दोघं-तिघं हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांना उत्तर हवं होतं. शेजारी ताटली घेऊन उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "पण बार्करच कशाला? बदलायचंच तर जरा बरं तरी घ्यायचं. बार्कर म्हणजे काय माहितीये ना? भुंकणारा! कुणीतरी गंडवलं बरं का तुम्हाला." आता मात्र सगळे हसले. मी अप्पांकडे पाहिलं. मला वाटलं ते काहीतरी बोलतील. त्यांनी तोंड उघडलंही होतं. मग त्यांची नजर आईकडे गेली, आणि त्यांनी मान वर करून, अगदी हुबेहूब, "भौ! भौ!" केलं. हॉलमधली मुलं खिदळत धावत आली. "काका, परत! काका, परत करा ना!" अप्पांनी परत केलं.

बसमध्ये आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "मिळून मिळून कुत्र्याचं नाव मिळालं तुम्हाला." अप्पा म्हणाले, "चांगलं आहे गं नाव. टिकाऊ आहे." आई पुन्हा कधी मंडळात गेली नाही. मीही नाही. अप्पा पुढे दोन-तीन वर्षं एकटे जात, खुर्च्या मांडायला मदत करत, आणि येताना माझ्यासाठी कागदात बांधून करंजी आणत. ती मी खात नसे. मला त्यांची फार लाज वाटायची... हे लिहिताना हात थांबतो, पण ते खरं आहे. पोर्टर असण्याची लाज नव्हती. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा, तेही कुणी मागितलं म्हणून, भुंकून दाखवलं, त्याची होती.

सतरा वर्षांची असताना युनिव्हर्सिटीच्या ग्रँटच्या फॉर्मसाठी कागद हवे होते. पलंगाखालच्या बॅगेत अप्पांचा जुना भारतीय पासपोर्ट सापडला. त्यावर नाव होतं मारुती ढोर. मला मराठीत ढोर म्हणजे गुरं एवढंच माहीत होतं. मला वाटलं कारकुनाने चेष्टा केली असेल. मी आईला विचारलं. तिने मशीन थांबवलं, पासपोर्ट माझ्या हातातून घेतला आणि उलटा मांडीवर ठेवला. मग हळूहळू सांगितलं. आमच्यात कातडं कमवायचे. त्या जातीचं नावच ते. आजोबा अप्पांना शाळेत घालायला गेले तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारलं नाही, जात विचारली, आणि आडनावाच्या जागी तीच लिहिली. आई स्वतः चौथीपर्यंत शिकली, ती भिंतीकडेला वेगळ्या पोत्यावर बसून. "तुला शाळेत घालायची वेळ आली," आई म्हणाली, "तवा मी ह्यांना एकच मागितलं. म्हटलं, पोरीला असं नाव द्या, ज्यात काहीच नसंल. रिकामं. कुणी कितीबी उलटंपालटं केलं तरी आतून काही पडू नये." अप्पांनी पंधरा दिवस मागून घेतले आणि मग एका शनिवारी घरी येऊन सांगितलं, बार्कर. सॉलिसिटरकडे जाऊन डीड पोल, म्हणजे नावबदलाचा कायदेशीर दस्त, केलं, तिघांचं नाव बदललं. "आणि तुला हे सांगायचं नव्हतं," आई म्हणाली. "तसं ठरलं होतं आमचं. पुन्हा ह्यांना विचारू नको."

मी विचारलं नाही. पण युनिव्हर्सिटीत आल्यावर माझं डोकं त्यातच राहिलं. इथे काळी मुलं, आयरिश मुलं, सगळी आपापली नावं ताठ मानेने सांगत होती. मला मात्र नवीन कुणी भेटलं की "बार्कर? हाऊ कम?" याचं उत्तर द्यावं लागे. पहिल्या दिवशी अप्पा मला सोडायला आले होते. त्यांनी माझी ट्रंक तीन मजले एकट्याने वर नेली, हॉलच्या पोर्टरशी ट्रॉलीच्या चाकांवर गप्पा मारल्या, आणि खोलीच्या दाराशी आल्यावर थांबले. दारावर छोट्या पट्टीत लिहिलं होतं, एस. बार्कर. त्यांनी त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, शिंपी कापड बघतो तसा. आणि हसले. मला वाटलं, मुलगी साहेबाच्या नावाने राहणार म्हणून हसतायत. मी दार घाईने उघडलं.

यंदा वसंतात मी ठरवलं की जुनं नाव परत लावायचं. जे लपवलं ते उघड करायचं. मी फोनकार्ड घालून घरी फोन केला. अप्पांनीच उचलला. मागे आईच्या मशीनचा आवाज येत होता.

"अप्पा, मी आडनाव बदलतेय."

"लग्न करतीस का काय? सांगायचं तरी."

"चेष्टा नको. आपलं जुनं नाव लावणार आहे मी. ढोर."

 मशीन चालू होतं. मग अप्पा हळू आवाजात म्हणाले, "आईला बोललीस?"

"आईला काय बोलायचं? तुम्ही दोघांनी मिळून लपवलंत. घाबरलात तुम्ही, अप्पा. घाबरून भुंकणारं नाव घेतलंत, आणि लोक हसले तर त्यांच्यासमोर भुंकून पण दाखवलंत."

हे मी बोलले. शब्दन् शब्द आठवतो.  पलीकडे मशीन थांबलं होतं. अप्पा म्हणाले, "तुमच्या लायब्ररीत आडनावांचं एक पुस्तक असंल बघ. त्यात एकदा बघ. मग तुला काय करायचं ते कर. मी नाही म्हणणार नाही."

"मला माहितीये बार्करचा अर्थ. इंग्लिश माझी भाषा आहे."

"बरं..." ते म्हणाले. "जेवलीस का?"

मी हो म्हटलं. जेवले नव्हते. कार्डवरचे युनिट संपले आणि फोन बंद पडला. त्यानंतर सात दिवसांनी हॉस्पिटलमधून फोन आला. त्या सात दिवसांत मी तीनदा लायब्ररीत गेले होते. पुस्तक बघितलं नाही.

मृत्यूची नोंद करायला रजिस्ट्रारकडे आई आणि मी गेलो. बाई चांगल्या होत्या, प्रत्येक प्रश्न सावकाश विचारत होत्या. नाव. जन्मठिकाण. मग, "ते कधी दुसऱ्या कुठल्या नावाने ओळखले जात होते का?" मी आईला मराठीत सांगितलं. आईने टेबलाखाली माझं मनगट धरलं. "नाही म्हण," ती म्हणाली. मी म्हटलं, "आई, ही सरकारी नोंद आहे." ती म्हणाली, "म्हणूनच. नाही म्हण." मी नाही म्हटलं. व्यवसाय? हॉस्पिटल पोर्टर. बाईंनी शाईच्या पेनाने लिहिलं. मी तेव्हा मनात म्हणत होते, झालं, मेल्यावरसुद्धा खोटंच नाव. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. अप्पांचा, आईचा आणि त्या नीटनेटक्या अक्षरांचा.

अंत्यविधीला कुणाला कळवायचं म्हणून मी अप्पांच्या डायरीतल्या प्रत्येक नंबरला फोन लावला. एका नंबरापुढे नुसतं "ॲल्फ" होतं. फोन बऱ्याच वेळाने उचलला गेला आणि एक म्हातारा आवाज म्हणाला, "बार्कर स्पीकिंग." मला वाटलं मीच चुकून घरी फोन लावला. मी म्हटलं, "नाही, बार्कर मी बोलतेय." तो आवाज म्हणाला, "आय नो, लव्ह. तू सविता. काय झालं मार्टीला?" अप्पांना कुणी मार्टी म्हणतं हे मला माहीत नव्हतं.

ॲल्फ पंचाहत्तरीच्या पुढचे, उंच, वाकलेले. दोन गाड्या बदलून क्रेमेटोरियमला आले आणि नंतर आमच्या घरी चहाला. बैठकीच्या खोलीत आई, ते आणि मी असे तिघंच उरलो होतो. आईला त्यांचं लंडनी इंग्रजी कळत नव्हतं; ती आल्याचा चहा त्यांच्या कपात पुन्हा पुन्हा ओतत होती. ॲल्फ म्हणाले, "तुझे डॅड आमच्या टॅनरीत, कातडं कमावायच्या कारखान्यात, आले तेव्हा फोरमनने नाव वाचलं डोअर. दार. मग काय, येणारा जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, शट द डोअर! रोज. मीही म्हटलंय. तोही हसायचा." त्यांनी कप बशीत ठेवला. "तिसऱ्या दिवशी मार्टी माझ्या हौदापाशी आला. मी चौदाव्या वर्षापासून त्या हौदांवर. ओकच्या सालीच्या पाण्यात कातडी महिनोन्‌महिने पडून असायची. त्याने त्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेवर लावलं. घाणेरडं पाणी ते! मी ओरडलो. त्याने मान हलवली. इंग्लिश येत नव्हतं धड. त्याने गाल आत ओढून दाखवले, असे..." ॲल्फनी गाल आत ओढले, तुरट काही खाल्ल्यासारखे. "आणि म्हणाला, लिटल. मी जाऊन मापून बघितलं. पाणी खरंच कमजोर झालं होतं. मापकाशिवाय ओळखलं त्याने."

"काय म्हणतायत गं?" आईने विचारलं.

"अप्पा कामात हुशार होते म्हणतायत," मी म्हटलं.

"मी विचारलं, कुठे शिकलास? तो म्हणाला, माय नेम. मी म्हटलं, दाराचा काय संबंध? तर त्याने खडूने जमिनीवर झाड काढलं आणि झाडाची साल सोलताना माणूस काढला. म्हणाला, त्यांच्याकडेही झाडाच्या सालीतच कातडं कमावतात, दुसरं काटेरी झाड, आणि जो हे करतो त्याचं नाव ते, त्याच्या बापाचं, सगळ्यांचं. मी म्हटलं, अरे मित्रा, मग तू बार्कर आहेस! माझंच नाव तुझं. बार्क म्हणजे साल. सालीवर काम करणारा तो बार्कर. आमच्या बापजाद्यांचं हेच. कुत्र्याचा काही संबंध नाही, शाळेत मलाही चिडवायचे." ते हसले, आणि मग चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसले. "पुढे तुला शाळेत घालायची होती तेव्हा तो माझ्याकडे आला. टोपी काढून, अगदी रीतसर. म्हणाला, मिसेसला दुसरं नाव हवंय. तुझं घेऊ का? जसं काही माझ्या मुलीचा हात मागतोय. मी म्हटलं, घे बाबा. मला मूलबाळ नाही, नाहीतरी माझ्यापाशीच संपणार आहे. मी विचारलं, बायकोला सांगशील ना काय अर्थ आहे? तो म्हणाला, नाही. तिला स्वच्छ नाव हवंय. मी म्हटलं, स्वच्छच आहे की. तर म्हणाला, ते तुला माहितीये, मला माहितीये."

आई पुन्हा म्हणाली, "काय म्हणतायत?"

मी म्हटलं, "अप्पांची आठवण येते म्हणतायत." आणि हे बोलताना माझ्या लक्षात आलं की अप्पा सोळा वर्षं काय करत होते.

लीड्सला परतल्यावर मी ते पुस्तक बघितलं. दुसऱ्या मजल्यावर, नेहमी बसते त्या टेबलापासून वीस पावलांवर. बार्कर: झाडाची साल काढणारा, सालीने कातडी कमावणारा. दुसरी एक व्युत्पत्ती दिली होती, जुन्या फ्रेंचमधून, मेंढपाळ. भुंकण्याचा उल्लेख कुठेही नव्हता. त्या पानाच्या मागेपुढे किती तरी नावं होती, विणकराची, कुंभाराची, डुकरं राखणाऱ्याची, कातडी सोलणाऱ्याची. ही नावं लावणारे इथे न्यायाधीश आहेत, बँकवाले आहेत. माझ्या एका लेक्चररचं आडनाव कातडं कमावणाऱ्याचंच आहे आणि त्याला बहुतेक ते ठाऊकही नाही. या लोकांचा धंदा सुटला आणि नावाचा अर्थही त्याबरोबर गळून पडला. आमचा धंदा सुटला, गाव सुटलं, देश सुटला, तरी शाळेच्या एका हॉलमध्ये तिळगूळ हातात ठेवता ठेवता आम्हाला विचारलंच जातं, मूळचं काय? मला हे नीट मांडता येत नाही. कदाचित कुणी जास्त शिकलेलं माणूस मांडेल. मला एवढंच कळतं की अप्पांनी आपलं नाव लपवलं नव्हतं, त्याचं भाषांतर केलं होतं, आणि त्या भाषांतराबद्दल घरात एकालाही सांगता येत नव्हतं. संक्रांतीच्या त्या संध्याकाळी त्यांनी तोंड उघडलं होतं. एक वाक्य बोलले असते तर हसणारे गप्प झाले असते. पण ते वाक्य म्हणजेच आईने जे मागितलं होतं ते मोडणं होतं. म्हणून ते भुंकले. आणि फोनवर मशीन थांबल्यावर ते मला पुस्तकाकडे पाठवत होते, कारण आई ऐकत होती.

सॉलिसिटरचा तो कागद माझ्या टेबलावर अजून तसाच आहे. भरलेला नाही, फाडलेलाही नाही. कोणतं नाव खोडून कोणतं लिहायचं, तेच आता कळत नाही.

हा लेख लिहायचा तर आईला सांगणं भाग होतं. आत्या तो सोलापुरात चार घरी वाचून दाखवणार, आईला बाहेरून कळलं असतं. म्हणजे मला आत्याचा किंवा अप्पांचा, कुणातरी एकाचा शब्द मोडावा लागणार होता. गेल्या रविवारी मी घरी गेले. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी समोर बसले आणि सांगितलं. झाड, साल, हौद, ॲल्फ, सगळं. ती मेथी निवडत राहिली. देठ एकीकडे, पानं एकीकडे. मग म्हणाली, "म्हंजे सोळा वर्षं मी दारात आलेल्या पोस्टमनला, दुकानात, डॉक्टरकडं, तेच नाव सांगत होते." तिने पुढची काडी उचलली. "मी एकच मागितलं होतं त्यांना." मग तिचे हात थांबले. "तर त्या दिवशी... त्या संक्रांतीला... त्यांना ठाऊक होतं? अर्थ ठाऊक असून ते तसं..."

"हो."

"आणि मी बसमध्ये त्यांना..." तिने वाक्य सोडून दिलं. उठून सिंकपाशी गेली, नळ सोडला आणि पाठमोरी उभी राहिली. हात धुवायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ पाणी वाहत होतं. परत आली तेव्हा म्हणाली, "छापायचं तर छाप. माझं नाव घालू नको." म्हणून या लेखात तिचं नाव नाही.

त्याच दुपारी अस्थी ताब्यात घेण्याच्या कागदावर तिची सही हवी होती. आईला इंग्रजीत एकच शब्द लिहिता येतो. मी बाळ असताना चाइल्ड बेनिफिटच्या, म्हणजे मुलांच्या सरकारी भत्त्याच्या, पुस्तकावर ती मराठी सही इथे चालणार नाही असं समजून अंगठा द्यायची. नाव बदलल्यावर अप्पांनी तिला या टेबलाशी बसवून, हात धरून, ही सही गिरवायला शिकवली होती. तिचा 'के' अजून त्यांच्यासारखा निघतो, मागे झुकलेला. तिने चष्मा लावला, पेन घेतलं आणि सावकाश लिहायला लागली. बी, ए, आर, के. तिथे थांबली. पेन कागदावरून उचललं.

"यात साल कुठली?" तिने विचारलं.

मी बोट ठेवून दाखवलं. "इथपर्यंत."

तिने त्या चार अक्षरांकडे बघितलं. मग चष्मा वर सरकवून उरलेली दोन लिहिली.